समुद्राचा वांटा

श्रावणांत आमच्या घरीं दोन गोष्टी कधीं चुकत नाहींत. पुरुषमंडळींची श्रावणी होऊन जुनीं जानवीं जातात व नवीं गळ्यांत येतात. आणि नारळीपौर्णिमेस दुपारच्या पानावर केशर-वेलदोड्याचा नारळीभात येतो. यंदाही हा क्रम यथासांग पार पडला. परंतु पहिला घांस तोंडांत घालण्यापूर्वींच आमच्या धाकट्या नातीनें विचारलें, "आजोबा, साताऱ्याला समुद्र नाहीं आणि आपण मासेही खात नाहीं, मग नारळीपौर्णिमा आपली कशी?" तिच्या आजीनें "आधीं पानावरचें संपव, मग प्रश्न" असें म्हणून वेळ मारून नेली. मुलगी भात खाऊन खेळावयास गेली. प्रश्न मात्र आमच्यापाशींच राहिला, आणि ह्या महिन्याचें हें पान आम्हीं त्यालाच द्यावयाचें ठरविलें आहे.

पंचांगांत हा दिवस पौर्णिमा म्हणून येतो. कोळीवाड्यांत तो वाऱ्याच्या पालटाचा दिवस म्हणून येतो. मृगापासून खवळलेला दर्या ह्या सुमारास निवूं लागतो. कोळी, गाबीत, खारवी ही मंडळी समुद्राला नारळ अर्पण करतात आणि शाकारून ठेवलेल्या होड्या पुन्हां पाण्यांत लोटतात. ह्या विश्रांतीला आतां कायद्याचाही आधार आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची मनाई असते. पावसाळा हा अनेक जातींच्या माशांच्या विणीचा काळ. ज्याचें पोट समुद्रावर आहे त्यानेंच दोन महिने हात आवरून समुद्राला सवड द्यावी, असा ह्या प्रथेचा अर्थ आहे. म्हणजे आमच्या पानावरचा नारळीभात हें एका संयमाच्या व्रताचें पारणें आहे. व्रत पाळतात दुसरे आणि गोड भात खातों आम्ही, एवढाच काय तो फरक!

साताऱ्याला समुद्र नाहीं हें खरें. पण तो फार दूर आहे असेंही नाहीं. सरळ रेषेंत पाहिलें तर साताऱ्यापासून अरबी समुद्र शंभर किलोमीटरही भरत नाहीं. कुंभार्ली घाटानें कऱ्हाड आणि चिपळूण हीं एकमेकांचीं शेजारी झालीं आहेत, आणि घाटावरच्या आठवड्याच्या बाजारांत सुकट-बोंबलाच्या टोपल्या आजही मांडलेल्या दिसतात. आपल्या स्वयंपाकघरांत त्या येत नाहींत म्हणून आपल्या तालुक्यांत येत नाहींत असें नव्हे. ज्या घरांत भाकरीबरोबर दुसरें कांहीं नसतें त्या घरांत सुकटीची चिमूट हेंच कालवण असतें.

आणखी एक नातें तर आपणच जोडलें आहे. कोयनेचें पाणी स्वभावतः कऱ्हाडच्या संगमाकडे आणि तेथून सांगलीकडे जाणारें. १९६० नंतर धरण उभें राहिलें आणि त्या पाण्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पोटांतून पलीकडे पोफळीस नेण्यांत आला. ह्या पश्चिमेकडच्या वळणासाठीं कृष्णा लवादानें दरसाल ६७.५ अब्ज घनफूट पाणी मान्य केलें. वीज देऊन झाल्यावर तें पाणी वाशिष्ठी नदींत पडतें आणि दाभोळच्या खाडींतून समुद्राला मिळतें. महाबळेश्वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस अशा रीतीनें दाभोळच्या कोळ्याच्या होडीखालून वाहत असतो.

ह्याच दाभोळच्या आसऱ्याला जून २०१९ मध्यें, 'वायु' चक्रीवादळाच्या वेळीं, दहा चिनी मासेमारी जहाजें आलीं होतीं. वादळांत सांपडलेल्यास थारा देणें हा दर्यावर्दींचा जुना धर्म. आपल्या तटरक्षक दलानें तो पाळला आणि जहाजांवर नजरही ठेवली. त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु महिना ध्यानांत घ्यावा. तो जून होता. रत्नागिरीच्या होड्या कायद्याप्रमाणें किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. आपल्या हद्दीपलीकडच्या खुल्या समुद्रांत मात्र अशा जहाजांना आपलें पंचांगही लागू नाहीं आणि आपला कायदाही नाहीं. मासा हद्द जाणत नाहीं. तो आज पलीकडे असतो, उद्यां अलीकडे येतो. एकानें दोन महिने उपास करावा आणि दुसऱ्यानें त्याच पात्रांतून बारा महिने जेवावें, हा न्याय कोणत्या शास्त्रांत बसतो?

हीं जहाजें म्हणजे काय, हें घाटावरच्या वाचकांस थोडें सांगितलें पाहिजे. १९५४ च्या सुमारास ब्रिटनमध्यें 'फेअरट्राय' नांवाचें एक जहाज समुद्रावर निघालें. मागच्या बाजूनें अवाढव्य जाळें ओढून घ्यावयाचें, पोटांतल्या कारखान्यांत मासे चिरून व गोठवून रचून ठेवावयाचे, आणि बंदरास न लागतां आठवडेच्या आठवडे समुद्रावर राहावयाचें, अशी त्याची रचना होती. पुढें रशिया, जपान, स्पेन, कोरिया, तैवान, चीन अशा अनेक राष्ट्रांनीं ह्याच धर्तीवर मोठमोठे ताफे बांधले. स्वतःच्या दारचा समुद्र उपसून झाला कीं हे ताफे दुसऱ्याच्या दारीं जातात. न्यूफाउंडलंडजवळचा कॉड मासा जवळजवळ पांचशें वर्षें माणसांना पुरला होता. परदेशी कारखानी जहाजांनीं, आणि त्यांच्या मागोमाग कॅनडाच्या स्वतःच्याच मोठ्या जहाजांनीं, तो एका पिढींत आटविला. जुलै १९९२ मध्यें कॅनडा सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारें तीस हजार लोकांची रोजी बुडाली. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सेनेगलमध्यें परकीय जहाजांना करारानें मुभा मिळाली. कांहीं वर्षांनीं तेथील कोळ्यांच्या लांकडी होड्या मासे आणावयास न जातां माणसें भरून कॅनरी बेटांकडे जाऊं लागल्या. त्यांतल्या कित्येक पोंचल्याच नाहींत.

आपल्या देशानें १९७६ सालीं कायदा करून किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारें ३७० किलोमीटरपर्यंतच्या, समुद्रावर आपला आर्थिक हक्क सांगितला. त्यांतले पहिले १२ मैल मासेमारीपुरते राज्यांकडे राहिले. हक्क सांगितला तरी इतक्या दूर जाणारीं जहाजें आपल्यापाशीं नव्हतीं. तेव्हां परदेशी जहाजें भाड्यानें आणावींत असें धोरण निघालें, आणि १९९१ च्या नव्या धोरणानें भागीदारीच्या व भाडेपट्ट्याच्या कंपन्यांना खोल समुद्राचें दार आणखी उघडून दिलें. कागदावर युक्तिवाद सोपा होता: दूरचा मासा आपण धरीत नाहीं, तो वाया जातो, दुसऱ्यानें धरून चार पैसे दिले तर काय बिघडलें? कोळ्यांचें उत्तर त्याहून सोपें होतें. दूरचा मासा आणि जवळचा मासा असे दोन मासे नसतात. आणि रात्रीच्या काळोखांत बारा मैलांची रेघ कोण राखणार?

हें उत्तर ऐकावयास लावण्यासाठीं त्यांना रस्त्यावर यावें लागलें. नोव्हेंबर १९९४ मध्यें देशभरच्या मासेमारांनीं बंद पाळला. १९९५ सालीं राष्ट्रीय मच्छीमार संघटनेचे नेते फादर थॉमस कोचेरी हे गांधीजींच्या जन्मगांवीं, पोरबंदरास, उपोषणास बसले. ह्या लढ्यांत लहान होडीचा कोळी आणि यांत्रिक बोटीचा मालक हे एरवींचे प्रतिस्पर्धी एकत्र उभे होते, ही गोष्ट विशेष. सरकारनें मुरारी समिती नेमली. तिनें १९९६ च्या अहवालांत सांगितलें कीं भाड्याच्या व भागीदारीच्या जहाजांना नवे परवाने देऊं नयेत, दिलेले शक्य तितके रद्द करावेत, आणि आपले लहान मासेमार जेथपर्यंत पोंचतात वा पुढें पोंचूं शकतील तो समुद्र त्यांच्यासाठींच राखावा. १९९७ सालीं सरकारनें ह्या शिफारशी मान्य केल्या. घाटावर आपण त्या वर्षीं स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव साजरा करीत होतों. कोळीवाड्यांत त्याला हा एक अधिक अर्थ होता.

परंतु दार लावलें तरी खिडकी राहतेच. पुढें २००२ पासून परवानापत्राची एक नवी योजना आली. तिच्यांत नांव भारतीय कंपनीचें, झेंडा भारताचा, आणि जहाज मात्र बाहेरून आणलेलें, असा प्रकार चालूं लागला. ती योजना २०१७ सालीं बंद झाली. नोव्हेंबर २०२५ मध्यें केंद्र सरकारनें आर्थिक क्षेत्रांतील मासेमारीचे नवे नियम लागू केले. त्यांत परकीय जहाजांना मज्जाव असून मासेमारांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य दिलें आहे. कागदावर ही इष्ट गोष्ट आहे आणि तिचें आम्ही मनःपूर्वक स्वागत करतों.

येथें हें प्रकरण संपलें असतें तर आम्ही नातीला बोलावून "परके आले होते, आपण त्यांना घालवून दिलें" एवढी गोष्ट सांगून मोकळे झालों असतों. पण गोष्टीचा अवघड भाग पुढेंच आहे, आणि तो समजण्यासाठीं मालवणच्या किनाऱ्यावर रापण पाहिली पाहिजे.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचें एक भलें मोठें जाळें. पहांटे समुद्राचा रंग व पक्ष्यांची झेप पाहून जाणता माणूस ओळखतो कीं तारलीचा किंवा बांगड्याचा थवा जवळ आला आहे. जाळ्याचें एक टोंक किनाऱ्यावर धरून होडी पाण्यांत जाते, अर्धवर्तुळ घेत जाळें सोडते आणि दुसरें टोंक कांहीं अंतरावर परत किनाऱ्याला आणते. मग दोन्हीं दोरांना माणसें लागतात. पन्नास, साठ, कधीं त्याहूनही अधिक. बायका लागतात, म्हातारे लागतात, शाळेला जाण्यापूर्वीं मुलेंही हात लावून जातात. तासन्‌तास ओढून जाळें वाळूवर आलें म्हणजे वांटे पडतात: जाळ्याचा वांटा, होडीचा वांटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वांटा. ज्यानें दोराला हात लावला तो रिकाम्या हातानें घरीं जात नाहीं. आमच्या एकत्र कुटुंबांत मिळवता आणि न मिळवता एकाच पंक्तीला बसतो. तीच रीत ह्या लोकांनीं उघड्या वाळूवर चालविली आहे. आणि रापणीची सर्वांत मोठी गोष्ट ही कीं ती माशाच्या मागें धांवत नाहीं. मासा किनाऱ्याला आला तर तो घ्यावयाचा. जो आला नाहीं तो उद्यांसाठीं समुद्रांत आहे.

आतां ह्याच थव्याला किनाऱ्यापासून दूर, यंत्रानें गांठणारें दुसरें जाळें पाहा. त्याला पर्ससीन म्हणतात. आजीच्या बटव्याची नाडी ओढली कीं तोंड मिटतें, तसें ह्या जाळ्याचें आहे. थव्याभोंवतीं तें गोल फिरवून खालची दोरी आवळली कीं संपूर्ण थवा आंत राहतो, त्याची शेपटीही बाहेर राहत नाहीं. तिसरा प्रकार ट्रॉलरचा. त्याची पिशवी समुद्राचा तळ खरवडीत जाते. मोठा मासा, पिल्लूं, अंडीं, शिंपलीं, जें असेल तें तिच्यांत येतें. बियाण्याची ज्वारी दळून खाणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय म्हणूं? आणि अलीकडे रात्रीं प्रखर एलईडी दिवे लावून मासे उजेडाकडे ओढून घेण्याची युक्ति निघाली आहे. थवा वाटेंतच उचलला गेला म्हणजे रापणीचे पन्नास माणसांचे हात रिकामे दोर ओढतात.

हीं साधनें कोणाचीं? बहुतेक आपल्याच लोकांचीं. ट्रॉलिंगचा प्रसार होण्यास १९५३ सालीं केरळांत सुरू झालेला भारत-नॉर्वे प्रकल्प बऱ्याच अंशीं कारण झाला; हेतु कोळ्यांच्या उन्नतीचा होता, पण कोळंबीला परदेशांत भाव येतांच भांडवलवाले त्यांत उतरले. गोव्यांत १९७० नंतर हाच संघर्ष पेटला आणि मातान्ही साल्ढाणा यांच्या पुढारपणाखालीं तेथील रापणकार संघटित झाले. महाराष्ट्रानें १९८१ सालीं सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. फेब्रुवारी २०१६ मध्यें पर्ससीनवर काळाचीं व क्षेत्राचीं कडक बंधनें घातलीं. नोव्हेंबर २०१७ मध्यें केंद्रानें एलईडी मासेमारीस मनाई केली. २०२१ सालीं राज्याच्या कायद्यांतील दंड लाखांच्या घरांत नेले. तरीही परराज्यांतील वेगवान ट्रॉलर रात्रीं सिंधुदुर्गाच्या पाण्यांत शिरतात आणि दिव्यांची मासेमारी चालूच आहे, ही तेथील मासेमारांची तक्रार थांबलेली नाहीं. २०१९ सालीं महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी २.०१ लाख टनांवर आली. पंचेचाळीस वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षीं वादळेंही फार झालीं, हें खरें. पण घरांत धान्य भरलेलें असलें म्हणजे एका वर्षाच्या अवर्षणानें कणगीचा तळ दिसत नाहीं.

एका गोष्टीबद्दल मात्र घाईनें निवाडा देऊं नये. पर्ससीनवाल्यांतही कोंकणचीच माणसें आहेत. त्यांच्या डोक्यावर बोटींचीं कर्जें आहेत, आणि त्यांच्या खलाशांचीं घरें त्याच धंद्यावर चालतात. लहानानें मोठें व्हावयाचें असेल तर मोठें जाळें घ्यावें, हा सल्ला त्यांना आपल्यासारख्या सुशिक्षितांनींच दिला होता. म्हणून कोणा एका जातीला वा गांवाला चोर ठरवून हा प्रश्न सुटणार नाहीं.

मग परका कोण? झेंड्यावरून पाहिलें तर उत्तर सोपें आहे. पण आमच्या मतें ज्याला त्या किनाऱ्यावर उद्यां राहावयाचें नाहीं तो परका. मग तो शांघायचा असो, शेजारच्या राज्यांतला असो, कीं मुंबईंत बसून बोटींत भांडवल घालणारा आमचा एखादा भाऊबंद असो. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं आपल्याच समुद्रावर आपल्याच तारवांना कर्ताझ घ्यावयास लावलें, आणि साताऱ्याच्या गादीचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनीं पुढें स्वतःचें दस्तक चालवून ती मिरास मोडून काढली. आज सत्ता आपली आहे, दस्तकही आपलें आहे. तें कोणाच्या हातांत द्यावयाचें, हा प्रश्न आतां कान्होजींवर सोंपवितां येत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कांहीं जण म्हणतील, "मासेमारी ही मुळांतच हिंसा, ती बंद पडली तर बरेंच." त्यांना आम्ही नम्रपणें सांगूं कीं मोठीं जाळीं आलीं म्हणून मासे मरावयाचे थांबत नाहींत, उलट नको असलेलीं पिल्लें लाखांनीं मरतात व फेंकून दिलीं जातात, किंवा त्यांची भुकटी होऊन कोंबड्यांच्या खाद्यांत जाते. कमी होतो तो गरिबाचा घांस. दुसरे म्हणतील, "हा कोंकणचा प्रश्न आहे." त्यांना आम्ही आपल्याच जिल्ह्यांकडे पाहावयास सांगूं. कोयनेच्या जलाशयाखालीं सुमारें शंभर गांवें गेलीं. वीज साऱ्या महाराष्ट्राला मिळाली आणि घरें पाटण-जावळीच्या लोकांचीं बुडालीं. २०२३ च्या मार्चांत सांगलीजवळ कृष्णेंत मेलेल्या माशांचा खच तरंगतांना आपण पाहिला. नदीकांठच्या भोयांनीं तें पाणी बिघडविलें नव्हतें. आपल्या कारखान्यांच्या व शहरांच्या सांडपाण्याकडेच तेव्हां बोट दाखविलें गेलें. मोठ्या यंत्राचा नफा एका ठिकाणीं आणि तोटा दुसऱ्या ठिकाणीं, ही रीत कोंकणांत चालते आणि आपल्या अंगणांतही चालते.

फरक एकच आहे. ज्याची जमीन जाते त्याच्यापाशीं निदान सात-बाराचा उतारा असतो. तो हातांत धरून पिढ्यान्‌पिढ्या कचेरीच्या पायऱ्या तरी चढतां येतात. समुद्राला सात-बारा नाहीं. मालवणच्या म्हातारीनें साठ वर्षें ज्या पाण्यांतून वांटा आणला त्या पाण्यावर तिचें नांव कोठेंही लिहिलेलें नाहीं. आणि ज्या हक्काचा कागद नसतो तो हक्क सर्वांच्या आधीं जातो. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कर्जनिवारणाचा कायदा झाला, तेव्हां सातारा जिल्हा त्यांत होता आणि आजचा बराचसा सांगली जिल्हा त्या वेळच्या साताऱ्यांतच होता. अडाणी माणूस आणि लेखी कागद यांची झुंज बरोबरीची नसते, हें परक्या सरकारलाही तेव्हां मान्य करावें लागलें होतें. आपल्या सरकारानें समुद्रावरच्या माणसासाठीं तेवढें करावें ही अपेक्षा अधिक नव्हे.

आपण काय करावें? आपल्यांतल्या पुष्कळ घरांत कोणी वकील आहे, कोणी बँकेंत आहे, कोणी सरकारी कचेरींत आहे. कायदे आहेत, ते चालविणारीं माणसें अपुरीं आहेत. गस्तीची बोट, खटल्याचा निकाल, सहकारी संस्थेचें कर्ज ह्या गोष्टी अशाच टेबलांवरून पुढें सरकतात किंवा अडून राहतात. ज्यांच्या घरीं मासळी चालते त्यांनीं तळहाताएवढें पापलेट विकत घेऊं नये. सरंगा हा महाराष्ट्रानें २०२३ सालीं राज्याचा मासा ठरविला आहे. त्याचीं पिल्लें बाजारांत मांडलेलीं दिसणें ही शोभेची गोष्ट नव्हे. आणि सुटींत मुलांना तारकर्लीस नेणाऱ्यांनीं एक पहांट रापण पाहण्यासाठीं राखून ठेवावी, व मुलांना दोराला हात लावूं द्यावा.

असो. संध्याकाळीं नात परत आली तेव्हां आम्हीं तिला एवढेंच सांगितलें, "बाळ, ज्यांनीं दोन महिने समुद्राला विश्रांति दिली त्यांचा हा सण आहे, आणि कोयनेच्या पाण्यानें आपण त्यांचे शेजारी झालों आहोंत. म्हणून तो आपलाही." तिनें थोडा विचार केला आणि विचारलें, "मग त्यांच्या घरीं आज नारळीभात झाला असेल ना?"

ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देणें आमच्या एकट्याच्या हातीं नव्हतें. तें आम्ही आमच्या वाचकांच्या स्वाधीन करतों.